देवमाशाची भावकी

आमच्या आजीच्या आरत्यांच्या वहीत एक गंमत आहे. देवीच्या आरतीचं दुसरं कडवं संपतं आणि तिसरं सुरू होण्याआधी, त्याच शाईत, त्याच वळणदार अक्षरात लिहिलंय : ‘गूळ अर्धा शेर, हिंगाची डबी’. ही वही आजीनं तिच्या सासूबाईंच्या वहीवरून उतरवलेली. सासूबाईंनी केव्हातरी वाण्याची यादी मोकळ्या जागेत खरडली असणार आणि नव्या सुनेनं, विचारायची सोय नसल्यामुळे, तीही इमानानं उतरवून घेतली. पुढे कितीतरी वर्षांनी सोलापूरकडच्या एका लांबच्या काकूंकडे गौरीजेवणाला गेलो, तर त्यांच्या वहीतही नेमक्या त्याच दोन कडव्यांच्या मध्ये गूळ आणि हिंग! या काकू आमच्या कोण लागतात, हे घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. वहीनं सांगितलं.

दोन्ही वह्यांत आणखी एक साम्य होतं. गणपतीच्या आरतीत ‘संकटी’च्या जागी ‘संकष्टी’. पण त्यावरून काही ठरत नाही. ती चूक अर्ध्या महाराष्ट्राची आहे. जीभच तिकडे घसरते, त्यामुळे ती कुणाच्याही घरी, कुणाचंही न बघता होते. गूळ आणि हिंग मात्र आपोआप कुणाच्या आरतीत शिरत नाहीत.

प्राण्यांच्या नात्यांविषयीचा एक शोधनिबंध मी कवितेसारखा पुन्हा पुन्हा काढून वाचतो. त्याचं सगळं मर्म या दोन साम्यांमधल्या फरकात आहे. निबंध जेमतेम सहा पानांचा. लेखक तीन : मासातो निकाइदो, अलेजांद्रो रूनी आणि तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले नोरिहिरो ओकादा. ऑगस्ट १९९९ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. मथळा लांबलचक, आणि त्याच्या उत्तरार्धात निष्कर्षच सांगून टाकलेला : आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा नातलग पाणघोडा. रहस्यकथेनं पहिल्याच ओळीत गुन्हेगाराचं नाव सांगावं तसं हे. तरी उत्कंठा ओसरत नाही, कारण गोडी ‘कोण’मध्ये नसून ‘कशावरून’मध्ये आहे.

निबंधात उतरण्याआधी या दोन नावांपाशी क्षणभर थांबायला हवं. देवमासा मासा नाही आणि पाणघोडा घोडा नाही. आपल्या भाषेनं दोघांनाही रूपावरून आणि राहण्याच्या जागेवरून ओळखलं, आणि दोन्ही वेळा ती फसली. शास्त्रज्ञही काही कमी फसले नाहीत. देवमाशांना माशांतून काढून सस्तन प्राण्यांत बसवलं ते लिनियसनं, १७५८ साली. पण सस्तन प्राण्यांत ते नेमके कुणाचे, हा प्रश्न पुढे दोनशे वर्षांहून अधिक काळ लोंबकळत राहिला. पाणघोड्याचे दात, जबडा आणि आखूड पायांवरचा तो पिंपासारखा देह पाहून त्याला डुकरांच्या पंगतीला बसवण्यात आलं. देवमाशांसाठी ली व्हॅन व्हेलन यांनी १९६६ मध्ये मेसोनिकिड नावाच्या, केव्हाच नामशेष झालेल्या, खूरवाल्या पण मांस खाणाऱ्या प्राण्यांकडे बोट दाखवलं. आधार होता दातांचा : जुन्या देवमाशांचे तिकोनी दात आणि मेसोनिकिडांचे दात विलक्षण सारखे दिसतात. त्याआधी, १९५० मध्ये, रक्तद्रवाच्या प्रयोगांतून देवमासे समखुरींच्या, म्हणजे गाय, हरीण, डुक्कर, उंट यांच्या जवळचे असल्याचा इशारा मिळाला होता. पण रक्तापेक्षा दातांवर लोकांचा विश्वास अधिक.

दात कामाचे असतात, हीच अडचण आहे. जे कामाचं असतं त्याला काम घडवतं. मांस फाडायचं असेल तर दात तिकोनी होणार, मग धनी कुठल्या का कुळीचा असेना. पाण्यात पोहायचं असेल तर अंग निमुळतं होणार. शार्क आणि डॉल्फिन दोघांचीही पाठ तशीच, परही तसाच, आणि नातं कोट्यवधी वर्षं लांबचं. ही सगळी ‘संकष्टी’ची जात.

निकाइदो आणि सहकाऱ्यांनी म्हणून गूळ-हिंग शोधला. सस्तन प्राण्याच्या जीनोममध्ये साधारण तीन अब्ज अक्षरांचा मजकूर असतो. त्यात जागोजागी ‘साइन’ नावाचे तुकडे विखुरलेले असतात, शंभर ते काहीशे अक्षरांचे. त्यांची नक्कल आधी आरएनएत निघते, ती नक्कल उलटी डीएनएत उतरते आणि भलत्याच जागी जाऊन चिकटते. मूळ तुकडा आपल्या जागी तसाच राहतो. उलट नक्कल करायची हत्यारंसुद्धा साइनची स्वतःची नसतात. ‘लाइन’ नावाचे मोठे तुकडे ती बाळगून असतात आणि साइन ती त्यांच्याकडून उसनी घेतात. एकूण कारभार शेजारणीच्या विळीवर भाजी चिरण्याचा. तुकडा शिरताना त्या जागेवरची थोडी अक्षरं दुणावतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना राहतात, ठिगळाच्या कडेचे टाके दिसावेत तशी. हे अंड्यात किंवा शुक्रपेशीत घडलं, तर ठिगळ पुढच्या पिढीत जातं, आणि नशिबानं साथ दिली तर साऱ्या वंशात. तीन अब्ज अक्षरांत दोन वेगळ्या वंशांनी नेमक्या त्याच दोन अक्षरांच्या मध्ये, त्याच जातीचं ठिगळ स्वतंत्रपणे लावण्याची शक्यता फारच कमी. एकदा लागलेलं ठिगळ टाक्यांसकट उसवून मूळ मजकूर जसाच्या तसा होणंही तितकंच विरळ.

आता निबंधातल्या चित्रांकडे. जेलची छायाचित्रं ही, काळ्या पाटीवर आडव्या पांढऱ्या रेघांची. न शिकलेल्या डोळ्याला त्यांत काही दिसत नाही. पण त्यांच्याकडे दहा मिनिटं बघत बसावं. प्रत्येक उभा रकाना एका प्राण्याचा. करोनाच्या काळात घरोघरी पोचलेलं पीसीआर तंत्रच इथेही वापरलेलं. ज्या जागी ठिगळ असेल असा संशय आहे, तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मजकुराला चिमटा लावायचा आणि मधला भाग वाढवून घ्यायचा. मध्ये साइन असेल तर तुकडा लांब निघतो. जेलमध्ये लांब तुकडा सावकाश सरकतो, म्हणून त्याची रेघ वर राहते. साइन नसेल तर तुकडा आखूड, झपाट्यानं खाली जाणारा. वरची रेघ म्हणजे ‘आहे’, खालची म्हणजे ‘नाही’. आणि रकाना नुसताच काळा राहिला तर? तर चिमटा लागलाच नाही. त्या प्राण्याविषयी त्या जागी बोलता येणार नाही.

मला या चित्रांतलं सगळ्यांत मोठं सौंदर्य या तिसऱ्या शक्यतेत दिसतं. ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ यांत आपण रोजच्या बोलण्यात किती गल्लत करतो. कोर्टात, वर्तमानपत्रात, घरगुती भांडणातही. इथे ती करताच येत नाही. उंटाच्या रकान्यातली खालची रेघ ही रीतसर दिलेली साक्ष असते : ‘ती जागा माझ्याकडे आहे, मी ती उघडून दाखवतो, आणि तिथे ठिगळ नाही.’ काळा रकाना म्हणजे गैरहजर साक्षीदार. त्याच्या नावावर काहीही खपवता येत नाही.

रचनाही पाहण्यासारखी. याच प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये पूर्वार्ध लिहून ठेवला होता : देवमासे, पाणघोडे आणि रवंथ करणारे प्राणी यांची काही ठिगळं सामाईक आहेत, जी उंट-डुकरांत नाहीत. म्हणजे देवमासा समखुरींच्या बाहेरचा पाहुणा नव्हता. तो त्यांच्याच वाड्यातला निघाला. पण वाड्यात तो कुणाच्या खोलीतला? गायीच्या की पाणघोड्याच्या? तिथे पूर्वार्ध थांबला होता. १९९९ च्या निबंधानं दहा नव्या जागा उघडल्या आणि एकेक करून खोल्या लावून दिल्या. उंट सगळ्यांत आधी वेगळे झाले. डुक्कर आणि अमेरिकेतली पेकरी एका घरातली. रवंथ करणाऱ्यांत पहिल्यांदा फुटून निघाली ती पिसोरीची शाखा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जंगलात लपतछपत राहणाऱ्या त्या इवल्याशा हरणासारख्या प्राण्याची भावकी. आणि देवमासा व पाणघोडा एका खोलीतले.

यातलं डुकराचं वाक्य वाचताना पटकन निसटतं, पण सारा भार त्याच्यावर आहे. डुक्कर आणि पेकरी एका घरातले, ‘पाणघोड्याला वगळून’. हे वगळणं म्हणजे वर्षानुवर्षं मांडलेली पंगत मोडणं होतं. पाणघोड्याला डुकराशेजारून उठवल्याशिवाय त्याला देवमाशाशेजारी बसवता येणार नव्हतं. लेखकांनी ते एका शांत, कोरड्या वाक्यात उरकलं. जुन्या मताची टिंगल नाही की स्वतःच्या शोधाचा गजर नाही. हा संयम मला शैलीचाच गुण वाटतो. तीन अब्ज अक्षरांतून मोजक्या जागा निवडायच्या, प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारायचा आणि उत्तर एका रेघेत घ्यायचं. याला मितव्यय म्हणतात, आणि तो कवितेत असो वा प्रयोगशाळेत, दुर्मीळच.

ही वाचनाची रीत आपल्याला परकी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. बाराशेहून अधिक हस्तलिखितं जमवून, श्लोकाशेजारी श्लोक ठेवून पडताळली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत पोथ्यांची वंशावळ मांडली, तिचं मूळ तत्त्व हेच आहे. बरोबर पाठ सगळीकडे सारखाच असणार, त्यावरून कोण कुणाचा ते कळत नाही. नातं सांगतात ती सामाईक प्रक्षिप्तं आणि सामाईक चुका. तोक्योतल्या जीवशास्त्रज्ञांनी जेलवर जे केलं, ते भांडारकरमधल्या पंडितांनी ताडपत्रांवर आणि कागदी पोथ्यांवर केलं होतं. सुकथनकरांना छळणारी अडचणही ओळखीची आहे : नकलकाराचं एकाच पोथीवर भागत नसे, तो शेजारची दुसरी पोथी बघूनही पाठ उचलत असे, आणि मग वंशावळीचे धागे एकमेकांत गुंतत.

चांगली कविता वाचून झाल्यावर पुढच्या आयुष्यात कुठे कुठे भेटत राहते. हा निबंधही तसाच भेटला. सप्टेंबर २००१ मध्ये, एका दिवसाच्या अंतरानं, दोन गटांनी पाकिस्तानातल्या जुन्या देवमाशांच्या जीवाश्मांवरचं काम छापलं. फिलिप जिंजरिच यांच्या गटाला बलुचिस्तानात, तर हान्स थेविसन यांच्या गटाला पंजाबात, पाय असलेल्या देवमाशांच्या घोट्याची हाडं मिळाली होती. घोट्याचं हे एक हाड समखुरींत अगदी खास असतं. त्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना रहाटाच्या चाकासारखी खाच असते. त्या देवमाशांच्या घोट्यातही ती दुहेरी खाच होती. जिंजरिच यांचा कल आधी मेसोनिकिडांकडे होता. एका घोट्यानं त्यांचं मत फिरवलं. पुढे २००७ मध्ये थेविसन यांनी इंडोह्यूस या रानमांजराएवढ्या समखुरी प्राण्याचं वर्णन केलं. त्याच्या कानाच्या हाडाची आतली कड देवमाशासारखी जाड होती. ते दगड जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचे, भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी गोळा केलेले. देवमाशाच्या माहेराचा पत्ता असा आपल्या उपखंडातच निघाला.

मात्र एका चुकीच्या वाचनापासून जपायला हवं. निबंध वाचून काही जण म्हणतात, देवमासा पाणघोड्यापासून झाला. निबंधात असं कुठेही नाही. दोघं चुलतभाऊ आहेत. त्यांचा सामाईक पूर्वज पाच कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा, आणि तो ना देवमासा होता ना पाणघोडा. भावकी सांगणं वेगळं, वडील ठरवणं वेगळं.

दोष सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरं होत नाही. त्याच सुमारास, त्याच नियतकालिकात डेव्हिड हिलिस यांनी या पद्धतीवर टिपण लिहिलं. मथळ्यात साइन म्हणजे खूण हा श्लेष साधून त्यांनी विचारलं की ही परिपूर्ण खूण आहे का. दाद दिली, आणि जपून राहायलाही सांगितलं. कारण आमच्या वहीच्याच उदाहरणानं समजेल. समजा, एका घरात काही काळ दोन वह्या नांदत होत्या, एकीत गूळ-हिंग, दुसरीत नाही. तीन मुली लागोपाठ लग्न होऊन गेल्या आणि जाताना हाती लागेल ती वही उतरवून घेऊन गेल्या. मग थोरली आणि धाकटी यांच्याकडे गूळ, मधलीकडे नाही. यावरून थोरली-धाकटी जास्त जवळच्या, असं म्हणायचं का? जिथे वंश भराभर फुटतात, तिथे ठिगळांची अशीच वाटणी होते. देवमाशांमध्येच हे दिसलं. निळा देवमासा आणि त्याच्या भावंडांचे पूर्ण जीनोम वाचणाऱ्या २०१८ च्या अभ्यासात नीटस झाडाऐवजी एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचं जाळं हाती आलं, कारण वेगळे झाल्यावरही हे वंश एकमेकांत मिसळत राहिले होते. सुकथनकरांना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

आणखी एक गमतीची बाब. ठिगळाचं कापडही कधी परक्या घरून येतं. गायीच्या जीनोममध्ये ‘बोव्ह-बी’ नावाचा तुकडा फार मोठ्या प्रमाणावर पसरलेला आहे, आणि त्याचे सख्खे भाऊबंद सापांत आणि पालींत सापडतात. हा तुकडा एका वंशातून दुसऱ्या वंशात सरळ उडी मारून आला. म्हणून कुणी गाईला सापाची बहीण म्हणायला जात नाही. इथे निबंधाच्या पद्धतीचा बारकावा लक्षात येतो. ती ठिगळाच्या कापडाला प्रश्न विचारत नाही, ठिगळाच्या जागेला विचारते. गूळ आणि हिंग काय, कुणाच्याही घरी असतो. तो देवीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यांच्या मध्ये असणं, ही खूण.

आता दहा जागांवर काम भागवायची वेळ राहिलेली नाही. सस्तन प्राण्यांचे शेकडो जीनोम अथपासून इतिपर्यंत वाचून झालेत, आणि देवमासा-पाणघोडा हे नातं त्या सगळ्या मजकुरात टिकून आहे. याच काळात मार्क स्प्रिंगर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रश्न उलटा फिरवला. देवमासा आणि पाणघोडा दोघांच्याही अंगावर केस जवळजवळ नाहीत, कातडीत तेल पाझरणाऱ्या ग्रंथी नाहीत. ही पाण्यातली कातडी त्यांना सामाईक पूर्वजाकडून मिळाली का? तशी मिळाली असती, तर कातडीची मोडीत निघालेली जनुकं दोघांतही नेमक्या त्याच अक्षराशी मोडलेली असायला हवी होती. त्यांनी शोधलं. अशी सामाईक मोडतोड सापडली नाही. दोघं आपापल्या वाटेनं, वेगवेगळ्या वेळी पाण्यात उतरले होते.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाणघोड्यांच्या तळ्यापाशी उभं राहिलं की हे सगळं एकदम अंगावर येतं. नाकपुड्या मिटतात, तुळतुळीत पाठ पाण्याखाली जाते, आणि आपण हरखून म्हणतो, अगदी देवमाशासारखा! शेजारचा पोरगा ओरडतो, केवढं डुक्कर! दोघंही फसलेलो असतो, तोही आणि मीही. तो दातांना आणि पिंपाला फसला, मी ओल्या पाठीला. ती पाठ म्हणजे नुसती ‘संकष्टी’. खरी खूण त्या पाठीच्या आत, डोळ्यांना कधीच न दिसणारी, दोन कडव्यांच्या मध्ये चुकून उतरलेली वाण्याची यादी.